सुया टोचून ऑपरेशन होतं का? वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

ऑपरेशनच्या वेळी वेदना थांबवण्यासाठी ॲक्युपंक्चर वापरता येतं का, या विषयावर आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : जुन्या चिनी चित्रफितींमध्ये रुग्ण टेबलावर जागा असतो, छाती उघडलेली असते, हातात दोन-चार सुया असतात आणि तो डॉक्टरांशी गप्पा मारतो. हे खरं होतं की बनाव?

उत्तर : ऑपरेशनं खरी होती, माणसं जागी होती आणि सुयाही खऱ्या होत्या. जे कॅमेऱ्यात येत नव्हतं, ते मात्र कुणी फारसं सांगत नव्हतं.

या प्रकाराची सुरुवात 1958 साली शांघायमध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनपासून झाली. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखतो, त्यासाठी तिथे सुया टोचतच असत. मग त्या ऑपरेशनच्या आधीच टोचून पाहिल्या. 1960 च्या सुमारास फुफ्फुसाच्या ऑपरेशनपर्यंत मजल गेली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हा देशाच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनाही अशी ऑपरेशनं दाखवण्यात आली.

आता पडद्यामागची तयारी पाहा. थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन असेल, तर रुग्णाला आधी झोपेचं औषध आणि पेथिडिनचं इंजेक्शन मिळे, साधारण 50 मिलिग्रॅम. पेथिडिन हे मॉर्फिनच्या कुळातलं जोरकस वेदनाशामक आहे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला ‘हेगू’ आणि मनगटाच्या वरचा ‘नेइगुआन’ या बिंदूंवर सुया टोचायच्या आणि हाताने सतत फिरवायच्या, किंवा त्यांना तारा जोडून सौम्य वीज द्यायची. हे 20 ते 30 मिनिटं चाललं की मगच सुरी लावायची. त्वचेच्या रेषेत अनेकदा प्रोकेनसारखी बधिर करणारी औषधंही टोचत, आणि रुग्ण कण्हला तर आणखी टोचत. सर्जनलाही वेगळी शिस्त होती : हात स्थिर, अचूक, हलका आणि जलद. आतले अवयव ओढायचे नाहीत, फाकवण्याची साधनं जोराने लावायची नाहीत. छाती उघडायची असेल, तर रुग्णाकडून आधी बरेच दिवस पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव करून घेत, कारण एका बाजूची छाती उघडली की तिकडचं फुफ्फुस मिटतं आणि जागा माणूस श्वासासाठी तडफडू लागतो.

रुग्णही निवडून घेतलेले असत. शांत स्वभावाचे, स्वतःहून तयार झालेले, सुई टोचल्यावर चांगला प्रतिसाद देणारे. ऑपरेशन बहुतेक मानेचं, डोक्याचं किंवा छातीचं. आणि शरीराची एक गोष्टही इथे मदतीला येते. वेदनेची सर्वांत तीव्र जाणीव त्वचेला आणि अवयवांभोवतीच्या अस्तराला असते. आतडं नुसतं कापलं तर फारसं दुखत नाही, ताणलं की दुखतं. मेंदू कापला तरी दुखत नाही. म्हणजे त्वचेचा टप्पा स्थानिक भुलीने पार पडला, की पुढचं बरंचसं काम पाहणाऱ्याला वाटतं तेवढं दुखणारं नसतं.

हा गोंधळ जुन्या काळापुरता नाही. 2006 मध्ये बीबीसीने शांघायमधलं एका तरुणीचं हृदयाचं ऑपरेशन दाखवलं आणि भुलीऐवजी सुया वापरल्याचा समज पसरला. तिला मिडाझोलाम आणि ड्रॉपेरिडॉल ही गुंगी आणणारी आणि फेन्टानिल हे मॉर्फिनच्या कुळातलं, अशी तीन औषधं दिलेली होती, शिवाय छातीत स्थानिक भूल भरपूर टोचलेली होती. एवढं दिल्यावर सुयांचा वाटा किती, हे त्या चित्रीकरणावरून कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : एका अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स चीनमध्ये फक्त सुया टोचून काढलं, असं वाचलं होतं.

उत्तर : चुकीचं वाचलंत, पण ही चूक जगभर झाली आहे. ते पत्रकार ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन. जुलै 1971 मध्ये बीजिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं ते नेहमीची बधिर करणारी इंजेक्शनं देऊन. नंतर पोटात वायू धरून त्रास होऊ लागला, तेव्हा उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि पोटाजवळ औषधी वनस्पतीचा शेक दिला. हे सगळं त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : मग सुईने वेदना कमी होते, हा निव्वळ मनाचा खेळ समजायचा का?

उत्तर : निव्वळ नाही, पण मनाचा वाटा मोठा आहे.

सुई स्नायूत शिरली आणि फिरवली की तिथे जडपणा, मुंग्या, ठणका असं काहीतरी जाणवतं. चिनी परंपरेत याला ‘देची’ म्हणतात. हा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो आणि तिथे दुसरीकडून येणाऱ्या वेदनेच्या संदेशाला काही प्रमाणात अडवतो. शिवाय मेंदू स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतो. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांच्या गटाने दाखवलं की सुईतून सेकंदाला 2 या मंद गतीने वीज दिली तर एन्केफॅलिन आणि एन्डॉर्फिन जातीची रसायनं वाढतात, आणि 100 या जलद गतीने दिली तर डायनॉर्फिन वाढतं. 1977 मध्ये दातदुखीच्या एका प्रयोगात नॅलोक्सोन हे मॉर्फिनचा उतारा असलेलं औषध दिलं, तेव्हा सुईचा परिणाम ओसरला. नंतरच्या काही प्रयोगांत तसं दिसलं नाही. उंदरांमध्ये सुईच्या जागी ॲडिनोसिन हे वेदना कमी करणारं रसायन वाढतं, असं 2010 मध्ये आढळलं.

अडचण आहे ती प्रमाणाची. ही रसायनं वेदना बोथट करतात, बंद करत नाहीत. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन मज्जातंतूमधली सोडियमची वाटच बुजवतं, त्यामुळे संदेश पुढे जातच नाही. सुईने रेडिओचा आवाज कमी होतो, लिग्नोकेनने वायर निघते. पोटावर चीर द्यायची असेल, तर आवाज कमी करून भागत नाही.

मनाचा वाटा किती, हे पाहायला खोट्या सुईची तुलना करतात. हिचं टोक बोथट असतं आणि ती दाबली की मुठीत सरकते, त्वचेत शिरत नाही, पण रुग्णाला टोचल्यासारखी वाटते. काही अभ्यासांत सुई खरीच असते, फक्त मान्य बिंदू सोडून भलतीकडे आणि वरवर टोचतात. जर्मनीत कंबरदुखीवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असंच केलं होतं. तिथे खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना आराम पडला, खोट्याने 44.2 टक्के लोकांना, आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के लोकांना. या आकड्यांवरून भांडायचं असेल तर दोन्ही पक्षांना दारूगोळा मिळतो. आम्ही एवढंच म्हणू की नेमक्या बिंदूला जितकं महत्त्व दिलं जातं, तितकं ते आकड्यांत दिसत नाही.

प्रश्न : माझं थायरॉईडचं ऑपरेशन ठरलं आहे. पूर्ण भुलीची फार भीती वाटते. फक्त ॲक्युपंक्चरवर करून मिळेल का?

उत्तर : नाही, आणि कुणी ‘हो’ म्हणालं तर तिथे ऑपरेशन करून घेऊ नका.

चिनी डॉक्टरांनी स्वतःच या पद्धतीतल्या तीन उणिवा नोंदवल्या आहेत. पहिली, वेदना पूर्ण जात नाही. दुसरी, स्नायू सैल पडत नाहीत. पोटाच्या ऑपरेशनमध्ये ही फार मोठी अडचण, कारण ताठरलेल्या पोटात सर्जनला आतलं दिसत नाही आणि टाके घालताना कडा जुळत नाहीत. तिसरी, आतला अवयव ओढला गेला की मळमळ होते, घाम सुटतो, नाडी मंदावते. सुईने हे थांबत नाही. याशिवाय कुणाला गुण येईल आणि कुणाला नाही, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ब्रिटिश डॉक्टर फेलिक्स मान हे स्वतः ॲक्युपंक्चर करणारे होते. त्यांनी 1974 मध्ये 100 प्रयोगांचा अहवाल छापला. शस्त्रक्रियेला पुरेल इतकी बधिरता त्यांतल्या सुमारे 10 टक्के प्रयोगांतच आली होती.

अर्ध्या ऑपरेशनमध्ये बधिरता अपुरी पडली तर काय होतं, याचा विचार करा. मान उघडी आहे, चादरी अंथरलेल्या आहेत, रुग्ण कळवळतो आहे, आणि त्या अवस्थेत श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल द्यायची आहे. तेच काम आधी, निवांतपणे केलं असतं तर सोपं होतं. घाईत केलेल्या भुलीत जोखीम वाढते.

तुमची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर बोलण्याची जागा म्हणजे भूलतज्ज्ञांबरोबरची ऑपरेशनपूर्व तपासणी. भीती नेमकी कशाची आहे ते सांगा. जाग न येण्याची, मध्येच जाग येण्याची, की नंतरच्या उलट्यांची? प्रत्येकावर वेगळा उपाय आहे. काही निवडक रुग्णांमध्ये मानेच्या मज्जातंतूंना बधिर करून आणि हलकी गुंगी देऊन थायरॉईडचं ऑपरेशन करतात. गाठीचा आकार, श्वासनलिकेवरचा दाब आणि सर्जनचा अनुभव पाहून ते ठरतं. हात, पाय किंवा पोटाच्या खालच्या भागाचं ऑपरेशन असेल, तर ठरावीक मज्जातंतू किंवा कमरेखालचा भाग बधिर करणं हा पूर्ण भुलीला खराखुरा पर्याय आहे.

प्रश्न : पूर्ण भुलीबरोबर सुया लावल्या तर भुलीचं औषध कमी लागतं, असं म्हणतात.

उत्तर : चीनमध्ये आता हाच प्रकार वापरतात, सुया आणि औषधं एकत्र. पुरावा मात्र विस्कळीत आहे. 2005 मध्ये 19 नियंत्रित अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतून ऑपरेशनदरम्यान भुलीला जोड म्हणून ॲक्युपंक्चरचा उपयोग सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. 2003 च्या एका अभ्यासात तर उलटच झालं. बेशुद्ध रुग्णांना विजेच्या सुया लावल्यावर चिरेला शरीराने हालचाल करू नये यासाठी सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू जास्त लागला.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचं चित्र जरा बरं आहे. 2008 मध्ये तपासलेल्या 15 अभ्यासांत ॲक्युपंक्चर घेतलेल्यांना पहिल्या 24 तासांत सरासरी 8.33 मिलिग्रॅम मॉर्फिन कमी लागलं, आणि 72 तासांअखेर हा फरक 9.14 मिलिग्रॅम होता. म्हणजे जवळपास सगळा फायदा पहिल्या दिवसाचा. मॉर्फिन कमी लागलं की मळमळ, खाज, चक्कर आणि बद्धकोष्ठताही कमी होते. तेवढ्यासाठी कुणी सुया लावून घेत असेल तर आमचा विरोध नाही, फक्त वेदनाशामक औषधांचं वेळापत्रक मोडू नये.

प्रश्न : आईला मागच्या ऑपरेशननंतर दिवसभर उलट्या झाल्या. मनगटाच्या पट्ट्याने त्या थांबतात का? तो कुठे आणि कसा बांधायचा?

उत्तर : या विषयात सर्वांत भक्कम पुरावा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्ट्यावरची गुंडी दाबते तो बिंदू ‘नेइगुआन’, वैद्यकीय लिखाणात पी-6. कोक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या 2015 च्या आढाव्यात 59 अभ्यास आणि 7667 रुग्ण होते. खोट्या उपचाराच्या तुलनेत उलटीचा धोका साधारण 40 टक्क्यांनी आणि मळमळीचा 32 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे 100 पैकी 40 जणांना उलट्या होणार असतील, तर सुमारे 24 जणांना होतील. अभ्यासांचा दर्जा कमी आहे हेही त्याच आढाव्यात नोंदवलं आहे. तरी उपाय स्वस्त आणि बिनधोक असल्यामुळे उलट्या टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत त्याला जागा मिळाली आहे.

धोका कुणाला जास्त, ते आधी मोजा. चार गोष्टी पाहायच्या : स्त्री असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीची औषधं लागणार असणं. यांतलं काहीच नसेल तर शक्यता सुमारे 10 टक्के. एक, दोन, तीन, चार अशा वाढत्या गोष्टी असतील तर 20, 40, 60 आणि 80 टक्के. तुमच्या आईंच्या खात्यात दोन गोष्टी नक्की आहेत, आणि बहुधा तीन किंवा चार. एवढा धोका असताना फक्त पट्टा पुरत नाही. भूलतज्ज्ञ ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामिथासोन अशी उलटी रोखणारी दोन किंवा अधिक औषधं जोडून देतात, पट्टा त्यांच्या जोडीला.

बिंदू असा शोधा. तळहात वर करून मनगटाची घडी पाहा. घडीच्या कोपराकडच्या बाजूला रुग्णाचीच तीन बोटं आडवी ठेवा : तर्जनी, मधलं बोट, अनामिका. मोजणाऱ्याची बोटं जाड असतील तर बिंदू वर सरकतो, म्हणून ज्याचा हात त्याचीच बोटं. आता मूठ अर्धवट वळवून मनगट किंचित आत वाकवा. दोन दोऱ्यांसारख्या कंडरा वर येतील, त्यांच्या मधली खाच म्हणजे बिंदू. काही लोकांना मधली कंडरा जन्मतःच नसते आणि एकच दोरी दिसते. तेव्हा त्या दोरीच्या करंगळीकडच्या काठाला लागून दाबा. नीट जागेवर दाबलं तर खोल, बोथट ठणका जाणवतो. खाली मीडियन मज्जातंतू असल्यामुळे बोटांत झिणझिण्याही येऊ शकतात. त्या टिकून राहिल्या तर पट्टा सैल करा. याच कारणासाठी इथे घरी सुई टोचायची नाही.

पट्ट्याची गुंडी त्या खाचेत आली पाहिजे. भूल देण्याच्या आधी बांधा आणि शक्य असेल तर ऑपरेशननंतर 24 तासांपर्यंत ठेवा. उशी सरकवताना, कूस बदलताना गुंडी हमखास कडेला जाते, आणि मग पट्टा नुसता मनगटावर शोभेला राहतो. दर तासा-दोन तासांनी जागा पाहा, बोटं निळसर किंवा गार पडली नाहीत ना तेही पाहा. ज्या हाताला डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला आहे, स्तनाच्या ऑपरेशननंतर सूज आहे किंवा सलाईनची सुई मनगटाजवळ लावली आहे, तो हात सोडून दुसरा वापरा. पट्टा आणला आहे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्यांना रक्तदाबाचा पट्टा कुठे बांधायचा आणि सलाईन कुठे लावायची, याचा मेळ घालावा लागतो. न सांगता बांधलेला पट्टा थिएटरच्या दारात काढला जातो.

पट्टा नसेल तर शुद्धीवर आल्यावर अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबत राहायचं, थोडं थांबून पुन्हा. उलटी सुरूच राहिली तर अंगठ्यावर विसंबून बसू नका, नर्सला सांगा.

प्रश्न : ऑपरेशनच्या आधी दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरची सत्रं चालू आहेत. ती थांबवायची का? काही धोका?

उत्तर : सत्र घेत आहात हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. मान, खांदा, पाठीचा वरचा भाग किंवा छातीवर सुया टोचल्या असतील तर हे सांगणं फारच गरजेचं. खोल गेलेल्या सुईने क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला छिद्र पडतं आणि तिथे हवा साठते. हवा थोडी असेल तर माणूस चालता-फिरता राहतो, एखादी धाप लागते, बाजूला टोचल्यासारखं होतं. पण पूर्ण भुलीत यंत्र दाबाने हवा ढकलतं, तेव्हा तीच साठलेली हवा वाढून फुफ्फुस आणि हृदय दोघांवर दाब आणू शकते. सुई टोचल्यानंतर धाप किंवा छातीत टोचणी लागली असेल, तर ऑपरेशनपूर्वी एक्स-रे झालाच पाहिजे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल सुया टाळा. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. गरोदरपणात हेगू आणि पायाच्या घोट्यावरचा सानयिनजिआओ हे बिंदू परंपरेनेच टाळतात, तेव्हा ‘मी गरोदर आहे’ हे आधी सांगा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

कानात काही दिवस चिकटवून ठेवायच्या बारीक सुया असतील तर त्या ऑपरेशनआधी काढून टाका. कानाच्या कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर तो लवकर बरा होत नाही, हे एक कारण. दुसरं, रक्तस्राव थांबवायला सर्जन कॉटरी वापरतात. तिची वीज शरीरातून वाहून चिकटपट्टीसारख्या प्लेटमार्गे बाहेर जाते. अंगात धातूची सुई राहिली तर तिथे वीज एकवटून भाजू शकतं. ऑपरेशनमध्ये बिंदूंना वीज द्यायचीच असेल, तर अनेक ठिकाणी सुयांऐवजी त्वचेवरच्या चिकट पट्ट्या वापरतात, आणि कॉटरी चालू असताना या पट्ट्यांना वीज देणाऱ्या यंत्राच्या लहरी बिघडतात हेही लक्षात ठेवावं लागतं.

प्रश्न : ॲक्युपंक्चर करणारे म्हणतात की परिणाम नीट दिसावा म्हणून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी दुखण्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, त्यांनी दिलेली जडीबुटीची पुडी घ्या.

उत्तर : यातलं काहीही करू नका. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे भूलतज्ज्ञ गोळीगणिक ठरवतात. बीटा-ब्लॉकर जातीची गोळी अचानक बंद केली तर नाडी आणि रक्तदाब उसळतो. जडीबुटीचं उलट आहे. त्यातल्या काहींनी रक्त पातळ होतं, काहींनी भुलीच्या औषधांचा परिणाम लांबतो, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधीच बंद करायला सांगतात. पुडी घेऊन झाली असेल तर ती फेकू नका, कागदासकट तपासणीला घेऊन जा.